गारगोटी नव्हे, वनस्पती!

१८११ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिस्का गावाजवळच्या खडकाळ माळावर विल्यम बर्चेल या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने एक चमत्कारिक गारगोटी उचलली. ती निघाली वनस्पती! दोन मांसल पाने, मधे फट, रंग भोवतालच्या दगडांचा. या प्रजातीला ‘लिथॉप्स’ हे नाव एन. ई. ब्राउन यांनी फार उशिरा, १९२२ मध्ये दिले. आम्हाला मोलाचे वाटते ते बर्चेलचे अनुमान. रूक्ष प्रदेशात असे रसदार पान जनावरे सोडतील कशी? या रूपामुळेच ते त्यांच्या नजरेतून निसटत असावे, असे त्याने १८२२ च्या प्रवासवर्णनात लिहिले. सरड्याला रंग बदलण्याची शक्ती देण्यामागे निसर्गाचा जो हेतू, तोच येथेही, असे त्याचे म्हणणे. निरीक्षण अचूक होते. ‘हेतू’च्या जागी नैसर्गिक निवड यायला मात्र डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथापर्यंत तीन तपे जावी लागली.