शत्रूचें नांव न घेणारें विलापस्तोत्र

दौंड तालुक्यांतील केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलाचें मराठी भाषांतर केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर आला. त्यांच्या धर्मांतराविषयीं कोणाचें कांहींहि मत असो, त्यांतील ७४ वें स्तोत्र इतिहाससंशोधकानें अवश्य वाचावें.

विषय मंदिरध्वंसाचा आहे. शत्रु पवित्र स्थानांत गर्जत शिरले, त्यांनीं आपलीं निशाणें उभारलीं, नक्षीकाम कुऱ्हाडींनीं फोडलें व शेवटीं आग लावली, हा क्रम कवि डोळ्यांनीं पाहिल्यासारखा सांगतो. मात्र शत्रु कोण, हें तो सांगत नाहीं. १३७ व्या स्तोत्रांत बाबेल व एदोम हीं नांवें स्पष्ट आहेत. येथें एकहि नाहीं.

त्यामुळें कालनिर्णयाचा वाद माजला. बाबेलच्या सैन्यानें इ. स. पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेमचें मंदिर जाळलें, तोच हा प्रसंग असें बहुतेक पंडित मानतात. दुसरा पक्ष इ. स. पू. १६७ च्या सुमारास अंतियोख राजानें केलेल्या विटंबनेकडे बोट दाखवितो. त्याचें कारण असें कीं, आतां कोणी संदेष्टा उरला नाहीं अशी कवीची तक्रार आहे, आणि बाबेलच्या स्वारीच्या काळांत यिर्मया व यहेज्केल हयात होते. आक्षेप वजनदार खरा. परंतु मक्काबींच्या पहिल्या ग्रंथावरून पाहतां अंतियोखाच्या वेळीं मंदिराचे दरवाजे जळाले. स्तोत्रांतील आगीनें तर सारें देवस्थान धुळीस मिळविलें आहे. मला पहिला पक्षच ग्राह्य वाटतो. शोकाकुल मनुष्य संदेष्ट्यांची गणती करीत बसत नाहीं.

केडगांवाप्रमाणेंच रेल्वेवर असलेल्या यवतेहून भुलेश्वरास जावें, म्हणजे हाच प्रश्न दगडांत उभा राहतो. मंदिर यादवकालीन, भोंवतालीं आदिलशाहीच्या मुरार जगदेवानें सतराव्या शतकांत बांधलेल्या दौलतमंगळ किल्ल्याचे अवशेष. आंत भारत-रामायणांतील प्रसंग कोरलेले, आणि कित्येक मूर्तींचीं मुखें व हात छिन्न केलेले. प्रत्येक यात्रेकरू अपराध्याचें नांव ठामपणें सांगतो. वास्तविक छिन्न मुखावरून घाव कळतो, हेतूचें अनुमान होतें. घालणाराचें नांव किंवा साल कळत नाहीं. शिवाय सभोंवार किल्ला बांधणारा सरदार हिंदु व त्याचा धनी मुसलमान, ही गोष्टहि विसरतां येत नाहीं.

यवत-माळशिरस भागांतील गुरव व वतनदार यांच्या दप्तरांत देवस्थानच्या इनामाचा कागद कोणा संग्राहकास सांपडल्यास त्यानें प्रथम तारीख पाहावी. नंतर पूजा खंडित झाल्याचा किंवा पुन्हां चालू केल्याचा उल्लेख शोधावा, व शिक्क्यासह नक्कल करून ठेवावी.