पर्यावरण शिक्षण, वर्गाबाहेरील (ऑस्ट्रेलिया)
शालेय विद्यार्थ्यांना रान, नदी, समुद्रकिनारा अशा ठिकाणी नेऊन प्रत्यक्ष अनुभवातून निसर्गाची जाण देणारे शिक्षण. ऑस्ट्रेलियात त्याची परंपरा जुनी आहे. व्हिक्टोरिया राज्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या गूल्ड लीगची बालसभासद मुले पक्ष्यांचे रक्षण करण्याची व त्यांची अंडी न गोळा करण्याची प्रतिज्ञा घेत. जीलाँग ग्रामर शाळेने १९५३ मध्ये मॅन्सफील्डजवळ टिंबरटॉप हे डोंगरी केंद्र उघडले. तेथे नववीचे विद्यार्थी वर्षभर राहतात आणि आंघोळीचे पाणीही स्वतः फोडलेल्या लाकडांवर तापवतात. पुढे क्वीन्सलंड व न्यू साउथ वेल्समध्ये सरकारी केंद्रे निघाली.

या शिक्षणाचा उपयोग किती होतो, याचे उत्तर काय मोजले यावर ठरते. जॉन हॅटी व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये साहसशिबिरांवरील ९६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सहभागींचा आत्मविश्वास व आत्मसंयम वाढल्याचे, आणि हा लाभ शिबिरानंतरही वाढत गेल्याचे त्यात दिसले. ऑस्ट्रेलियातील व दीर्घ मुदतीची शिबिरे सरस ठरली. पण ही मोजणी मुख्यतः व्यक्तिमत्त्वविकासाची होती. कडा चढून आलेल्या मुलाला त्या डोंगरावरची झाडे ओळखता येतात का, हा प्रश्न वेगळाच आहे. शिबिराने चारित्र्य घडते या गृहीतकावर अँड्र्यू ब्रुक्स यांनी २००३ मध्ये कठोर टीका केली: माणसाचे वागणे परिस्थितीनुसार बदलते, म्हणून शिबिरातले वागणे घरी टिकेलच असे नाही.

पर्यावरणाच्या दृष्टीने रॉय बॅलंटाइन व जॅन पॅकर यांचे क्वीन्सलंडमधील संशोधन अधिक मोलाचे आहे. निसर्गसहलींनंतर मुलांची निसर्गाविषयीची आस्था वाढली आणि घरातल्या सवयींवरही परिणाम झाला, असे त्यांना २००२ मध्ये आढळले. प्राण्यांना जवळून पाहणे, हात लावणे मुलांना आवडले. प्रश्नपत्रके, टिपणे व अहवाल मात्र नावडते ठरले आणि त्यांनी शिकण्यात फारशी भर घातल्याचे दिसले नाही. पर्यावरण विषय सक्तीचा करण्याच्या भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतरही तो बव्हंशी प्रकल्पवहीतच राहिलेल्या महाराष्ट्राने हा निष्कर्ष गांभीर्याने घ्यायला हवा.

सहलीआधीची तयारी व परतल्यावरचा पाठपुरावा यांना ब्रिटनमधील संशोधनानेही महत्त्व दिले आहे. या क्षेत्रातील बराचसा पुरावा मुलांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांवर आधारलेला आहे. तीच मुले मोठेपणी कशी वागतात, हे तपासणारे अभ्यास थोडे आहेत.