किनवटची रेल्वे आणि निवेदनाचा पत्ता

१/ किनवटच्या नागरिकांना एखादी गाडी हवी असेल, तर निवेदन कोणाच्या हाती द्यायचे? तालुका नांदेड जिल्ह्यात, मतदान हिंगोली लोकसभेला, रेल्वेचे क्षेत्रीय मुख्यालय सिकंदराबादला आणि मार्गावरचे पुढचे मोठे स्थानक तेलंगणातील आदिलाबाद. ही गुंतागुंत इतिहासाने घडवली आहे.

२/ मराठवाड्याची जुनी मुख्य रेल्वे म्हणजे हैदराबाद-गोदावरी खोरे मार्ग. विसाव्या शतकाच्या आरंभी हा मीटरगेज मार्ग नांदेड, परभणी, औरंगाबाद असा मनमाडला पोहोचला. तो चालवणाऱ्या कंपनीला निजाम संस्थानाने नफ्याची हमी दिली होती. १९३० मध्ये संस्थानाने रेल्वे स्वतःकडे घेतली. प्रजेला अर्ज करता येई. मात्र तिच्या वतीने जाब विचारू शकेल असा लोकप्रतिनिधी नव्हता.

३/ संस्थान भारतात विलीन झाल्यावर, नोव्हेंबर १९५१ मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत समाविष्ट झाली. मुख्यालय मुंबई. पाठोपाठ पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि रेल्वेमंत्र्यांना सभागृहात प्रश्न विचारू शकेल असा खासदार येथील मतदाराला प्रथमच लाभला.

४/ तोवर किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आले. किनवट नांदेडला जोडले गेले. आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले. एकाच रूळमार्गावरचे शेजारी दोन राज्यांचे मतदार झाले.

५/ २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली आणि निजामकालीन मार्ग सिकंदराबादच्या अधिकारात गेले. दहा वर्षांपूर्वी मराठवाड्याचे आमदार हैदराबादहून मुंबईला गेले होते. आता रेल्वेचा कारभार मुंबईहून सिकंदराबादला गेला. मत आणि रूळ यांची दिशा वेगळी झाली.

६/ याची झळ दीर्घकाळ बसली. मुंबईकडे जाताना मनमाडला गाडी बदलणे अटळ होते. मालही उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. ब्रॉडगेजची मागणी प्रदेशाच्या अनुशेषाच्या प्रश्नाशी जोडली गेली. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सेनानी गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी ती लावून धरली. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाने विकासाच्या मागण्यांना रस्त्यावरचे बळ दिले.

७/ मनमाडकडून ब्रॉडगेज नव्वदच्या दशकात मराठवाड्यात आले. मुदखेड-किनवट-आदिलाबाद मार्गाची पाळी मात्र नव्या शतकाच्या पहिल्या दशकात आली. त्यानंतर नंदिग्राम एक्सप्रेसने किनवट थेट मुंबईशी जोडले गेले.

८/ एवढा काळ का लागतो? राज्यघटनेनुसार रेल्वे हा केंद्राचा विषय. १९२४ पासून २०१६ पर्यंत रेल्वेचा अर्थसंकल्प स्वतंत्र असे. २०१७ पासून तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. प्रकल्पाला मंजुरी मिळणे निराळे आणि वर्षाला पुरेशी रक्कम मिळणे निराळे. तरतूद नाममात्र असेल तर मंजूर मार्गही कागदावरच राहतो. म्हणून जाणत्या शिष्टमंडळाचा खासदाराला पहिला प्रश्न असतो, ‘यंदा किती रक्कम?’

९/ मग आमदाराला भेटून काय उपयोग? उपयोग आहे, कारण काही प्रकल्पांत राज्यही वाटा उचलते. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. पुढे त्याचा निम्मा खर्च राज्याने स्वीकारला. तरीही बीडहून प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मंजुरीनंतर सुमारे तीस वर्षांनी!

१०/ एप्रिल २००३ मध्ये नांदेड विभाग स्थापन झाला आणि निवेदनाचा एक पत्ता जवळ आला. हा विभागच मध्य रेल्वेला जोडावा, ही मागणीही जुनी आहे. तिला केवळ प्रादेशिक अस्मिता म्हणणे अपुरे ठरेल. मतदार जिथे जाब विचारू शकतो आणि निर्णय जिथे होतो, त्यांतील अंतर कमी व्हावे, हा तिचा गाभा आहे.

११/ किनवटहून निघणाऱ्या शिष्टमंडळाला म्हणूनच आजही अनेक दारे ठोठवावी लागतात: नांदेड, सिकंदराबाद, मुंबई आणि दिल्ली. त्यांपैकी मताच्या बळावर उघडणारी दारे दोनच, आमदाराचे आणि खासदाराचे. १९५२ पूर्वी तीही नव्हती.