कलकत्त्याचें सार्वजनिक ग्रंथालय

'सार्वजनिक' हा शब्द आपण सैल हातानें वापरतों. कलकत्त्याच्या पब्लिक लायब्ररीचा पूर्वेतिहास पाहतां आम्हांस वाटतें कीं, तेथें ह्या शब्दास आरंभीं तीनशें रुपये मोल होतें! १८३६ सालीं संस्था निघाली, तेव्हां एकरकमी अथवा तीन हप्त्यांनीं ३०० रुपये भरणारा तिचा मालक ठरे. द्वारकानाथ टागोर हे पहिले मालक. मेटकाफ साहेबांनीं फोर्ट विल्यम कॉलेजांतील ४,६७५ ग्रंथ तिच्या हवालीं केले. गोऱ्या व एतद्देशीय गृहस्थांनीं मिळून ग्रंथांची मालकी भोगावी, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हे. गरीब विद्यार्थ्यांसही ठराविक मुदतीपर्यंत फुकट वाचूं देत, हें न सांगणें अन्यायाचें होईल.

१८४४ त संस्था उंच स्तंभांच्या मेटकाफ हॉलांत गेली. आमचें मन मात्र त्या स्तंभांपेक्षां प्यारीचांद मित्रांपाशीं अधिक रेंगाळतें. उपग्रंथपाल म्हणून शिरलेले हे गृहस्थ पुढें ग्रंथपाल झाले. त्यांचें दप्तर इंग्रजी ग्रंथांच्या राशींत. पण 'आलालेर घरेर दुलाल' ही कादंबरी त्यांनीं १८५८ त प्रसिद्ध केली ती चालत्याबोलत्या बंगालींत!

मालकी वारसांकडे जाते. वाचनाची आवड जातेच असें नाहीं. शतकाच्या अखेरीस संस्थेस उतरती कळा लागली. कर्झन साहेबांच्या सरकारनें मालकांचे हक्क विकत घेतले, आणि ३० जानेवारी १९०३ रोजीं त्याच इमारतींत इंपीरियल लायब्ररी लोकांस खुली झाली. तेथें वाचनास आतां भागभांडवल लागत नव्हतें.