उपकेंद्रावर ‘सीएचओ’ व्हायचंय? नर्सिंगच्या मुलामुलींनी तयारी कशी करावी

महाबळेश्वर : तालुक्यातल्या बऱ्याच मुली आणि काही मुलंही आता नर्सिंगला जातात. पाचगणीजवळ दांडेघरला रेडक्रॉसचं बेल-एअर रुग्णालय आणि नर्सिंग महाविद्यालय आहे, शिवाय सातारा, कराड, सांगली, मिरजेची वाट आहेच. शिक्षण झाल्यावर पुढं काय, हा प्रश्न मात्र घरोघरी असतो. मुंबई-पुण्याच्या खासगी दवाखान्यात जायचं, की आपल्याच भागात राहून काम करायचं? आपल्या भागात राहायचं असेल, तर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे ‘सीएचओ’ हे पद समजून घेतलं पाहिजे.

हे पद आलं कुठून?

अमेरिकेसारख्या देशात ‘नर्स प्रॅक्टिशनर’ असते. ती जादा शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन मोठ्या माणसांचे रोजचे आजार स्वतः तपासते. आपल्याकडं त्या नावाचे अभ्यासक्रम आहेत, पण ते अतिदक्षता विभाग आणि बाळंतपण यांच्यासाठी जास्त. गावपातळीवर त्याच्या सर्वांत जवळचं पद म्हणजे सीएचओ. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आली आणि उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली. २०२३ पासून त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथं आरोग्यसेविका, आरोग्यसेवक आणि आशाताईंच्या जोडीला सीएचओ असतो.

सपाटीवर पाच हजार आणि डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येमागं एक उपकेंद्र, असा निकष आहे.

पात्रता आणि प्रशिक्षण

राज्याच्या भरतीत आतापर्यंत प्रामुख्यानं बीएएमएस, बीयूएमएस आणि बीएस्सी नर्सिंग झालेले उमेदवार घेतले गेले. नर्सिंगवाल्यांची परिषदेकडची नोंदणी चालू असावी लागते. निवड झाल्यावर सामुदायिक आरोग्याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण असतं. बीएस्सी नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात हा भाग आतच घातलेला आहे, त्यामुळं कुणाला वेगळं प्रशिक्षण लागेल आणि कुणाला नाही, हे त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचून घ्यावं.

पद राष्ट्रीय आरोग्य अभियानातलं, कंत्राटी आहे. मानधनाचे दोन भाग असतात, एक ठरलेला आणि दुसरा कामावर अवलंबून. भरती निघाली की अर्ज, वय, आरक्षण आणि बंधपत्राच्या अटी मूळ जाहिरातीवरूनच बघाव्यात. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या कागदावर किंवा ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्यावर विसंबू नये.

अभ्यासाला काय धरावं?

पाठांतरापेक्षा आकडे आणि खुणा पक्क्या असाव्यात. परीक्षेतही त्याच लागतात आणि उपकेंद्रावरही.

• तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची रक्तदाब, साखर आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी, बायकांची स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणीही. आशाताई घरोघरी ‘सीबॅक’ फॉर्म भरतात. त्यात चारच्या वर गुण आले, की त्या माणसाला तपासणीला आधी आणायचं.

• रक्तदाब १४०/९० किंवा जास्त आला तरी एकाच मापावर शिक्का मारायचा नाही. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजायचा. १८०/११० च्या घरात असेल, तर वेळ न घालवता वैद्यकीय अधिकाऱ्याशी बोलायचं.

• अवेळी काढलेली साखर १४० च्या वर असेल, तर पक्क्या तपासणीला पाठवायचं.

• दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे क्षयरोगाची तपासणी.

• गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ च्या खाली म्हणजे थेट मोठ्या दवाखान्यात.

• खोकला असलेल्या बाळाचा श्वास मिनिटभर मोजायचा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६०, वर्षाच्या आतलं असेल तर ५० आणि एक ते पाच वर्षांचं असेल तर ४०. तेवढा किंवा त्याहून जास्त भरला तर धोका.

• साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. तो भाग हलू न देता रुग्णालयात न्यायचं. फवारणी करताना विषबाधा झाली तर कपडे काढून अंग साबणानं धुवायचं, उलटी करवायची नाही. भात आणि स्ट्रॉबेरीच्या आपल्या भागात या दोन गोष्टी कधीही समोर येतात.

आपला हात कुठं थांबतो?

तयारीतला सर्वांत मोठा धडा हाच. सीएचओ डॉक्टर नाही. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी डॉक्टर सुरू करतात. सीएचओनं ती महिन्याच्या महिन्याला द्यायची, माणूस मधेच गोळी सोडत नाही ना ते बघायचं आणि काही बिघडलं तर वर कळवायचं. अडलं तर ई-संजीवनीवरून डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. पण डोंगरात रेंज नसते, तेव्हा आधीचं शिक्षणच कामाला येतं.

महाबळेश्वरहून तापोळा पंचवीसेक किलोमीटर, सगळा घाट. तापोळ्याला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पण शिवसागर जलाशयापलीकडं कांदाटी खोऱ्यातल्या गावांना आधी लाँच गाठावी लागते. पावसाळ्यात धुकं, दरडी आणि बंद रस्ते. अशा ठिकाणी ‘सकाळी बघू’ म्हणणं महागात पडतं. संध्याकाळी चार वाजता बाईचे पाय सुजलेत, डोकं दुखतंय, डोळ्यापुढं अंधारी येतेय, हे ओळखून तिला तेव्हाच हलवलं तर ती उजेडात पाणी पार करते. रात्री नऊला ओळखलं तर लाँच नसते. १०८ ची गाडीही रस्ता असेल तिथंपर्यंतच येते.

म्हणून तयारी करताना पुस्तकासोबत जवळच्या उपकेंद्रावर परवानगी घेऊन आठ-दहा दिवस बसावं. लसीकरणाचा दिवस बघावा, आशाताईंबरोबर वाडीवर फिरावं, रक्तदाब निदान शंभर जणांचा मोजावा. कुणाला इथंच गोळी द्यायची आणि कुणाला आजच खाली पाठवायचं, ही नजर त्यातूनच येते. ज्या गावाला डॉक्टर लांब आहे, त्या गावाचा भरवसा या नजरेवरच असतो.