नळीचा व्यास आणि राज्याचा धाक



कामगार संघटनेचे काम करणारा माणूस शिकारीच्या रायफलीवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून माझ्या दोघा-तिघा सहकाऱ्यांनी मला रस्त्यात गाठून विचारले, "काय, आता बंदुका उचलायच्या की काय?" त्यांना जे सांगितले तेच येथे सांगतो. मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. ह्या विषयाकडे मी आलो तो पान्याच्या वाटेने.

उमेदवारीच्या काळात मेकॅनिक खात्यात माझ्या हाती जे पाने आले त्यांतल्या जुन्या विलायती यंत्रांच्या पान्यांवर एक नाव हटकून असे : व्हिटवर्थ. आमचे जॉबर म्हणत, "हा व्हिटवर्थचा आटा आहे, त्याला दुसरा बोल्ट लावशील तर दोन्ही जातील." मला वाटे, व्हिटवर्थ हे एखाद्या गावाचे नाव असावे. पुढे रात्रीच्या वाचनात कळले की तो एक माणूस होता, आणि तोही आमच्यासारखाच गिरणीतून वर आलेला. जोसेफ व्हिटवर्थ १८०३ साली जन्मला, चौदाव्या वर्षी काकाच्या सूतगिरणीत कामाला लागला, पुढे यंत्रे बनवू लागला. १८४१ साली त्याने साऱ्या इंग्लंडातल्या स्क्रूंना एकच माप असावे अशी योजना मांडली; पंचावन्न अंशांचा तो आटा जगभर गेला. ह्याच माणसाने पुढे बंदुकीच्या नळीचा व्यास किती असावा ह्या प्रश्नात हात घातला, आणि त्यातून जे निघाले त्याचे टोक हिंदुस्थानापर्यंत आले. आजचा माझा विषय तो आहे.

आधी प्रश्न काय होता तो नीट पाहू. एका वेळी एकच गोळी घेणारी बंदूक घेऊन माणूस रानात उभा आहे. गोळी चुकली किंवा कमी पडली तर दुसरी भरेपर्यंत जनावर थांबणार नाही. आणि गवा किंवा रानडुक्कर असेल तर ते उलट अंगावर येईल. म्हणून त्या एका गोळीत पुरेसे वजन पाहिजे. जुन्या काळी गोळी म्हणजे शिशाचा वाटोळा गोळा. गोळ्याचे वजन वाढवायचे तर तो मोठा करण्यावाचून दुसरा उपाय नाही. आपल्याकडे अजूनही 'बारा बोअरची बंदूक' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ हाच : एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यांतला एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअरची. म्हणजे आकडा जितका लहान तितकी नळी मोठी! चार बोअर म्हटले की गोळा पाव पौंडाचा. सॅम्युअल बेकर नावाचा इंग्रज शिकारी सिलोनात हत्ती मारीत असे. त्याने १८४० साली ब्रिस्टलच्या गिब्जकडून करवून घेतलेली एकनळी रायफल एकवीस पौंड वजनाची होती आणि तिच्यात एका वेळी एक औंस दारू ठासावी लागे. एक औंस म्हणजे सुमारे अडीच तोळे. तिचा धक्का खांद्याला काय बसत असेल, ह्याचा अंदाज आपण करावा. आणि ती बंदूक रानातून वाहणारा बेकर होता की त्याचा सिंहली हमाल, हा प्रश्न आमच्यासारख्यांच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

व्हिटवर्थने ह्या कोड्याची गाठ दुसऱ्या बाजूने सोडवली. १८५४ च्या सुमारास सरकारने त्याला रायफली बनवण्याची यंत्रे तयार करायला सांगितले. तो म्हणाला, रायफल चांगली का लागते आणि वाईट का लागते हे आधी कळल्याशिवाय मी यंत्र करणार नाही. मालकाने काम सांगितले आणि कारागिराने आधी कारण विचारले! त्याच्यासाठी मँचेस्टरजवळच्या त्याच्या घराशेजारी पाचशे वार लांबीची बंदिस्त चाचणीची जागा बांधून देण्यात आली. त्या वेळी फौजेची रायफल होती एनफील्ड, नळीचा व्यास.५७७ इंच, गोळी ५३० ग्रेन, म्हणजे तीन तोळ्यांना जराशी कमी. (आपला तोळा बरोबर १८० ग्रेनांचा, त्यामुळे हा हिशेब आपल्याला सोपा जातो.) हिच्याच काडतुसावरून १८५७ साली आपल्याकडे भडका उडाला. व्हिटवर्थने गोळीचे वजन तेवढेच, ५३० ग्रेन, ठेवले, पण व्यास.४५१ वर आणला. मग उरलेले शिसे जाणार कोठे? लांबीत. गोळी बारीक आणि लांब झाली. अशी लांब गोळी हवेत कोलांट्या खाऊ नये म्हणून तिला भोवऱ्यासारखी जोरात फिरवावी लागते. एनफील्डच्या नळीतले पेच ७८ इंचांत एक फेरा घेत, व्हिटवर्थने तो २० इंचांत घ्यायला लावला. १८५७ च्या चाचणीत पाचशे वारांवर एनफील्डच्या गोळ्या सरासरी सव्वादोन फूट इकडेतिकडे पडल्या, व्हिटवर्थच्या साडेचार इंच. १८६० साली विंबल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियाने दोरी ओढून हीच रायफल चारशे वारांवरून झाडली आणि गोळी मध्यबिंदूपासून दीड इंचाच्या आत बसली. रायफल अर्थातच आधी घट्ट बसवून नेम धरून ठेवलेली होती; पण राजेरजवाड्यांचे नेम बहुधा असेच असतात.

आता कोणालाही वाटेल की प्रश्न मिटला. तो मिटला नाही, आणि ज्याने हरकत घेतली तो आपल्या बराच जवळ होता. कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा मध्य प्रांतात जंगल खात्याचे काम करीत असे. पचमढीला १८६२ साली त्याने बांधलेले घर 'बायसन लॉज' म्हणून अजून दाखवतात. त्याने शिकारी रायफलीवर एक पुस्तकच लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : सातपुड्याच्या रानात पाचशे वार दिसते कोणाला? बांबूच्या बेटातून गवा दिसतो तो पन्नास-साठ वारांवर, तोही क्षणभर. तेथे साडेचार इंचांची अचूकता काय करायची? तेथे रुंद नळी हवी, वाटोळा गोळा हवा, पेच अगदी सावकाश फिरणारे हवेत, म्हणजे दारू भरपूर घालता येते, गोळी पेचांतून घसरत नाही, आणि जवळच्या अंतरात ती जवळजवळ सरळ रेषेत जाते.

ह्या दोघांत बरोबर कोण? मला विचाराल तर दोघेही. व्हिटवर्थने उत्तर दिले ते मैदानाचे, फोर्सिथने दिले ते रानाचे. वाद होतो तो एकाचे उत्तर दुसऱ्याच्या माथी मारले की. वेतनाच्या वाटाघाटीत मी हे पुष्कळ वेळा पाहिले आहे. मुंबईचा आकडा घेऊन साहेब बार्शीला येतात.

फोर्सिथ १८७१ साली वारला. त्याच वर्षी इंग्रज फौजेने नवी रायफल स्वीकारली, मार्टिनी-हेन्री. एका वेळी एक काडतूस, मागून भरायचे, खालचा लोखंडी कांडा खाली ओढला की रिकामे काडतूस बाहेर. व्यास .४५०, गोळी ४८० ग्रेन, काळी दारू ८५ ग्रेन. व्हिटवर्थचा अरुंद व्यास असा फौजेत शिरला. शिकाऱ्यांनीही .४५० हाच आकडा उचलला. जॉन फार्कर्सन नावाच्या एका स्कॉच माणसाने १८७२ साली एकगोळी रायफलीची एक फार मजबूत रचना पेटंट केली. हा गृहस्थ निशाणबाजीत जितका प्रसिद्ध तितकाच चोरट्या शिकारीतही होता म्हणतात. आफ्रिकेतला नामांकित शिकारी सेलूस आधी पाव पौंडाच्या गोळ्याची ठासणीची बंदूक वापरी. पुढे तो ह्याच रचनेच्या,.४६१ व्यासाच्या गिब्ज रायफलीवर आला. मग धूर न करणारी दारू निघाली. १८९८ साली लंडनच्या रिग्बीने .४५० चेच नवे काडतूस केले. गोळी तीच, ४८० ग्रेन. पण मार्टिनीची गोळी सेकंदाला साडेतेराशे फुटांच्या आतबाहेर जाई, ही साडेएकवीसशे फूट गेली. गती दीडपटीहून थोडी जास्त, पण जोर गतीच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो अडीचपट झाला. बेकरच्या एकवीस पौंडी तोफेची गरज संपली. शिकाऱ्यापुरता, .४५० हा अगदी योग्य आकडा ठरला.

आणि नेमका तोच आकडा हिंदुस्थानात बंद झाला.

ह्याला कारण शिकारीचे नव्हते. १८५७ नंतर इंग्रजांनी एक रिवाज पाडला : गोऱ्या शिपायाच्या हाती जे हत्यार असेल त्याहून एक पायरी खालचे देशी शिपायाला द्यायचे. बंडानंतर देशी पलटणींसाठी एनफील्डच्याच घडणीची बंदूक काढली, पण नळीतले पेच काढून टाकलेली आणि व्यास .६५६ केलेली. म्हणजे दिसायला तीच, लागायला मात्र शंभर वारांच्या पुढे भरवसा नाही. पुढे गोऱ्यांना मार्टिनी मिळाली तेव्हा आमच्या लोकांना जुनी स्नायडर. २७ जुलै १८८० ला मैवंदच्या लढाईत ६६ व्या गोऱ्या पलटणीच्या हाती मार्टिनी होत्या, तर बाँबे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स ह्या मुंबई इलाख्याच्या पलटणी स्नायडर घेऊन उभ्या होत्या. तो दिवस सगळ्यांनाच वाईट गेला; पण एकाच रांगेत, एकाच शत्रूपुढे, दोन प्रकारच्या माणसांना दोन प्रकारच्या नळ्या दिल्या होत्या हे विसरता येत नाही. नागरिकांसाठी लिटनसाहेबाचा १८७८ चा हत्यारांचा कायदा होताच. परवाना देशी माणसाला, सूट युरोपियनाला.

एवढा बंदोबस्त करूनही मार्टिनी सरहद्दीवर पोचल्याच. मस्कतच्या बाजारातून मकरानच्या किनाऱ्यावर, तेथून उंटांवरून अफगाणिस्तानात आणि पठाणांच्या हाती. दऱ्याखोऱ्यांतल्या लोहारांनी त्यांच्या नकलाही घडवल्या. बंदूक मिळाली तरी काडतूस लागते, आणि .४५० ची गोळी कोठूनही आली तरी मार्टिनीच्या कामाला येईल, ही सरकारची धास्ती. म्हणून १९०७ च्या सुमारास .४५० व्यासाच्या शिकारी रायफली हिंदुस्थानात आणण्याची बंदी झाली.

आता विलायतेतल्या बंदूकवाल्यांची मोठी गिऱ्हाइके हिंदुस्थानातले साहेब आणि संस्थानिक. त्यांनी काय करावे? कोणी .४६५ काढली, कोणी .४७०, कोणी .४७५. जुन्या .४५० ची गोळी प्रत्यक्षात .४५८ इंच जाडीची, .४७० ची .४७५, फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. वाघाला तो कळण्याचे कारण नाही. पुढे पन्नास-साठ वर्षे शिकारी मंडळी .४७० चे गुण वर्णन करीत राहिली, जणू तो आकडा कोणी रानात राहून शोधून काढला होता. तो निघाला एका सरकारी बंदीतून. सरहद्दीवरच्या पठाणाला ह्या बंदीने काय त्रास झाला ठाऊक नाही. महाराजांना फक्त नवी रायफल घ्यावी लागली.

हीच गोष्ट फौज .३०३ वर गेल्यावर पुन्हा झाली. तो व्यास नागरिकाला बंद, म्हणून परवान्यासाठी .३१५ आली, मुळात ऑस्ट्रियाच्या फौजेचे काडतूस. स्वातंत्र्यानंतर आमच्याच ईशापूरच्या कारखान्यात कामगारांनी ती घडवली. ज्या काँग्रेसने १९३१ साली कराचीला मूलभूत हक्कांत शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिला होता, तिच्याच राज्यात १९५९ साली नवा कायदा झाला. परवाना राहिला, लष्करी व्यासाची बंदीही राहिली. मात्र कातडीच्या रंगावरची सूट गेलेली होती, हेही सांगितले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली, ते योग्यच झाले.

राहिला आमच्या कोकणातला शेतकरी. माझ्या आजोळी एका म्हाताऱ्या मामांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. मी एकदा त्यांना विचारले, "मामा, हिचा व्यास किती?" ते म्हणाले, "अंगठा घाल नि बघ." परवान्याचे नूतनीकरण, शिक्के, तालुक्याच्या खेपा ह्यांत त्यांचे दिवस जात. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. एका वर्षी निवडणूक नेमकी भात पिकण्याच्या वेळी आली. मामा डबा वाजवीत आठ रात्री खळ्यावर बसले, नवव्या रात्री थंडी भरून घरी झोपले. सकाळी पाहतो तो खालचा कोपरा डुकरांनी लोळवून टाकलेला. मतदान दोन दिवसांवर होते. मामांनी जाऊन मत दिले, आणि येताना बंदुकीची पावती नीट घडी करून टोपीत ठेवली.