आठ आणे आणि शेवटची पोळी



पहिली पोळी गाईची, शेवटची कुत्र्याची, हा नेम पेण-रोह्याकडच्या आपल्या घरांत नव्या सुनेला शिकवावा लागत नाही. पण या मुक्या जीवापायी एकदा मुंबईचा बाजार बंद पडला होता, हे आपल्यातल्या फार जणींना ठाऊक नसते.

साल 1832. ठरावीक महिन्यांत मोकाट कुत्री मारायचा कंपनी सरकारचा नियम 1813 पासून होताच. त्या वर्षी मुदत वाढवली आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावले. मी कॉमर्सवाली, म्हणून सांगते, नगावर पैसे ठरले की माल कुठून आला ते कोणी विचारत नाही. घरांतली पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले. 6 जूनला, पारशांच्या सणाच्या दिवशी, कोटात लोकांनी पोलिसांना घेरले. दुसऱ्या दिवशी पारशांबरोबर हिंदू, जैन आणि काही मुसलमान व्यापाऱ्यांनीही दुकाने उघडली नाहीत. कुलाब्याच्या छावणीची रसद अडली. (हा मुंबईतला कुलाबा, आपला जुना कुलाबा जिल्हा नव्हे.) मग सैन्य आले, धरपकड झाली. झालेली हाणामारी मला पटत नाही. दुकान बंद ठेवणे मात्र पटते. व्यापाऱ्याच्या हातात तेवढेच असते.

खरे काम झाले ते पुढे. 1834 मध्ये भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. जमशेटजी जीजीभाई त्यात पुढे होते, आणि आपले शेठ मोतीशाही. भायखळ्याचे आदीश्वराचे देरासर बांधणारे तेच. व्यापाऱ्यांनी आपणहून मालावर लागा बसवला. राग दोन दिवसांत ओसरतो, पण लाग्याचा पैसा रोज येतो, आणि जनावराला भूकही रोजच लागते.

आपल्या गावांत कुत्र्याचे ताट घरातूनच निघे. हा भाताचा मुलूख. गिरणीतल्या कण्यांची पेज, नाचणीची भाकरी, त्यावर ताक. विकतचे खाणे ही गोष्टच नव्हती. ते निघाले लंडनला, 1860 च्या सुमारास. जेम्स स्प्रॅट नावाच्या माणसाने गव्हाचे पीठ, भाज्या आणि मांस घालून कुत्र्यांसाठी बिस्किटे काढली. आज आपल्या बाजारपेठेतही तसली पाकिटे टांगलेली दिसतात. मागे बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय आपल्या घरात आणायची सोय नाही.

मग मांसाशिवाय कुत्रे नीट जगते का? मांजराचे जमत नाही, हे स्पष्ट सांगते. कुत्र्याचे जमू शकते. 2013 साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवले की लांडग्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या दारात राहून त्याला आपले धान्य पचू लागले.

पण पचणे वेगळे आणि पोसणे वेगळे. नुसत्या भाताने पोट भरते, अंगी लागत नाही. मूगडाळ घट्ट शिजवावी, कण्या किंवा नाचणी त्यात मिसळावी, लाल भोपळ्याची फोड घालावी, वरून घरचे दही. मीठ-तिखट नको, फोडणीही नको. एवढ्यानेही सगळी जीवनसत्त्वे मिळतील असे नाही. घरी पाळलेले कुत्रे कायम शाकाहारावर ठेवायचे तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारून वरची पूड द्यावी. पिल्लांना आणि गाभण कुत्रीला तर त्यांच्या सल्ल्याशिवाय नाहीच.

कांदा-लसूण कुत्र्याचे रक्त बिघडवतो. आपल्या स्वयंपाकघरात तो नसतोच, त्यामुळे आपले उरलेले वरण दुसऱ्यांच्या रश्शापेक्षा त्याला बरे. मनुके आणि चॉकलेट मात्र आपल्याकडे हमखास असते, आणि तेही त्याला विषच. पारण्याच्या दिवशी मुले प्रेमाने प्रसादातले मनुके पुढे करतात, तेव्हा जवळ उभे राहावे. चौविहाराआधी आपले आटोपते, त्याच वेळी त्याचे ताटही दाराबाहेर ठेवावे, म्हणजे रात्री उष्ट्यावर मुंग्या चढत नाहीत.